काका, तुमचे बाण माझ्याकडं आलेत

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'धनुर्विद्या आणि दृष्टीचं शास्त्र', ते भारदस्त नाव आयोजकांनी दिलंय, मी फक्त म्हणलो होतो की चष्म्यावर बोलतो. चाळीस मिनिटं दिलीत, त्यातली दहा सत्कारात गेली. हार छान होता, तक्रार नाही. पंखा तेवढा माझ्याकडं वळवा कोणीतरी, एप्रिलमधलं सोलापूर आहे, मी पण माणूसच आहे.

धनुष्यबाण म्हणलं की आपल्याकडं अर्जुन आणि पक्ष्याचा डोळा. मला लहानपणापासून एक शंका आहे. बाकीच्या भावांना झाड दिसलं, फांद्या दिसल्या, गुरुजी दिसले, म्हणजे त्यांची नजर ठणठणीत. एकट्या अर्जुनाला आजूबाजूचं काही दिसंना. आता नंबर कुणाचा तपासायला पाहिजे होता, तुम्हीच सांगा! हसू नका, मी गंभीर आहे.

माझा नंबर उजव्या डोळ्याला उणे अडीच. बाण मारायला लागलो ते उशिरा, नोकरीत असताना, पोरगं शिकायला जायचं आणि मी नुसता बाकावर बसून शेंगा खायचो म्हणून. पोरानं सहा महिन्यांत सोडलं, मी अजून चिकटून आहे. तर २०१३ च्या जानेवारीतली गोष्ट, गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेचे दिवस, सकाळी चांगली थंडी, आणि मी आयुष्यातल्या पहिल्या स्पर्धेला उभा. कुठली स्पर्धा ते सांगत नाही, त्यातले निम्मे लोक अजून भेटतात मला मंगळवार बाजारात. डोळ्यावर उन्हात काळा होणारा चष्मा. नवीन होता, बायकोनं भांडून घ्यायला लावलेला. आता या काचांची गंमत अशी की त्या थंडीत जास्त काळ्या होतात आणि कडक उकाड्यात कमी, म्हणजे ज्या मे महिन्यासाठी सोलापूरकर पैसे मोजतो त्याच मे महिन्यात त्या नीट काळ्या होत नाहीत. पण त्या दिवशी थंडी आणि लख्ख ऊन, काचा झाल्या काळ्याकुट्ट.

पंच आले. "काय बे, गॉगल लावून कुठं बघालास? पिक्चरचं शूटिंग हाय का?" मी म्हणलो साहेब, गॉगल नाही, नंबरचा आहे. ते म्हणाले, काळा आहे ना, मग काढा, नियमात बसत नाही. वर मला ज्ञान दिलं की तो कोरियावाला आंधळा असून विश्वविक्रम करतो आणि तुम्हाला चष्मा लागतो होय.

हा कोरियावाला म्हणजे इम डाँग-ह्यून. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला लॉर्ड्सवर, हो, आपल्या क्रिकेटच्याच लॉर्ड्सवर, त्यानं ७२ बाणांत ७२० पैकी ६९९ केले, विश्वविक्रम, आणि नजर अधू असून चष्मा न लावता. पेपरांनी लगेच 'आंधळा तिरंदाज' करून टाकला, ते त्याला स्वतःलाच आवडलं नव्हतं. त्याला रंगांचा पुंजका दिसायचा आणि त्याच्या मध्यावर तो साईटची, म्हणजे धनुष्यावर नेम धरायला असते ती, पिन धरायचा, मागं लहानपणापासूनचा सराव. माझ्यामागं बँकेत कॅश मोजायचा सराव होता.

काढला चष्मा. उणे अडीचला चाळीस सेंटिमीटरच्या पुढचं सगळं पुसट. धनुष्यावरची साईट पिन डोळ्यापासून त्याच्या दुप्पट लांब असते, म्हणजे टार्गेट सोडा, मला माझी पिनच दिसंना, लोकरीचा गुंडा दिसत होता. सत्तर मीटरवर पिवळा डाग दिसला, त्यावर गुंडा ठेवला, श्वास धरला आणि मारले सहाच्या सहा. अहाहा. इतके सुंदर सुटले म्हणून सांगू, हाताला कळतं ते. चालत गेलो तर माझ्या टार्गेटवर एक पण नाही. शेजारच्या टार्गेटवर नववीतली एक पोरगी उभी होती, ती म्हणाली, "काका, तुमचे बाण माझ्याकडं आलेत, घेऊन जावा." सहाच्या सहा, ताटलीएवढ्या जागेत! तेवढा नेटका गुच्छ मी आजपर्यंत परत मारला नाही. आणि गुण? शून्य. दुसऱ्याच्या टार्गेटवरचा बाण हुकलेलाच धरतात. हे मात्र नियमात बसतं.

घरी येऊन नियमावली काढली. जागतिक संघटनेच्या नियमात सरळ लिहिलंय की साधा चष्मा चालतो, नेमबाजीचा चष्मा चालतो, गॉगल पण चालतो. दोनच अटी. काचेला बारीक छिद्राची झापड नको आणि नेम धरायला मदत होईल अशी खूण नको. दुसरा डोळा झाकायचा असेल तर ती काच पूर्ण झाकायची किंवा डोळ्यावर पट्टी बांधायची, ते पण चालतं. त्या पानाची झेरॉक्स मी अकरा वर्षं बॅगेत घेऊन फिरलो. पंच परत भेटले नाहीत. बदली झाली असेल, नाहीतर मला लांबून ओळखत असतील.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अहो, मुख्य विषय तर अजून सुरूच व्हायचाय!

बरं, पटापट सांगतो. दोष चष्म्याचा नसतो, तो आपण कसा करून घेतो त्याचा असतो. चष्मेवाला आपल्याला खुर्चीत समोर बघायला बसवतो आणि काचेचा मध्य बुबुळासमोर धरतो. पण बाण मारताना समोर कोण बघतं? उजव्या हाताचा माणूस आडवा उभा, मान डावीकडं वळवलेली, दोरी हनुवटीला आणि नाकाला टेकलेली, आणि उजवा डोळा नाकावरून पलीकडं बघतोय. म्हणजे नजर जाते काचेच्या नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून. तिथं काय असतं? फ्रेमची कड आणि नाकाचा पॅड. काचेच्या कडेनं बघितलं की चित्र तेवढं स्वच्छ येत नाही, सिलिंडर नंबर, म्हणजे ठरावीक कोनात बसवायचा नंबर, असेल आणि मान कलली तर आणखी फिसकटतं. थोडं सरकलेलं दिसत असेल तर साईट फिरवून जुळवता येतं, पण घाम येऊन चष्मा नाकावरून घसरला की प्रत्येक बाणाला वेगळं. आणि सहनशक्ती किती आहे बघा, सत्तर मीटरवरचं दहा गुणांचं रिंगण १२.२ सेंटिमीटरचं, म्हणजे दोन-अडीच मीटरवर ठेवलेला मंगळवेढ्याच्या ज्वारीचा एक दाणा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की बाण मारायचा चष्मा वेगळा करा, आणि तो धनुष्य ओढलेल्या पोझमध्ये माप देऊन करा. दोरी ओढून अँकरला, म्हणजे ती हनुवटीला टेकते तिथं, या, शेजाऱ्याला सांगा की मार्कर पेननं माझ्या काचेवर ठिपका दे, जिथून मला पिन दिसते तिथं. ती काच तशीच घेऊन दुकानात जा आणि म्हणा, मध्य इथं पाहिजे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानदारानं ठिपका पुसून दिला आणि म्हणाला डाग पडला होता. स्पर्धेला जाताना मात्र तो पुसायचाच, नाहीतर खूण म्हणून धरतील, आणि तेव्हा पंच बरोबर असतील.

गॉगलचं एका दमात. फार काळी काच नको, कारण बुबुळाची बाहुली मोठी होते आणि पिन नाहीतर टार्गेट, दोन्हीतलं एक जास्तच पुसट होतं. करडी काच बरी, रंग बदलत नाहीत. टार्गेट शक्यतो उत्तरेला असतं, त्यामुळं उजव्या हातवाल्याची छाती पूर्वेला येते आणि सकाळचं ऊन उजव्या काडीच्या बाजूनं आत शिरून काचेच्या मागच्या बाजूवर चमकतं, तेव्हा कानशिलाकडं बंद असणारी फ्रेम बघा. टोपीची झडप दोरीला लागते, सांभाळा. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच काचेत असलेली, काच बाण मारायला नकोच, तिचं लांबचं बघायचं क्षेत्र मधोमध वर असतं आणि आपण बघतो कोपऱ्यातून. कंपाऊंडवाल्यांचं, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्यवाल्यांचं वेगळं, त्यांना दोरीत पीप, म्हणजे बघायचं छिद्र, आणि साईटला भिंग चालतं. सातारच्या अदिती स्वामीनं २०२३ ला बर्लिनमध्ये जागतिक सुवर्ण घेतलं ते कंपाऊंडमध्येच. आपल्या रिकर्व्हला, म्हणजे टोकं पुढं वळलेल्या बिनचाकाच्या धनुष्याला, भिंग चालत नाही, जे काय आहे ते नाकावरच.

काँटॅक्ट लेन्सबद्दल राहिलं, धुळीत फार त्रास होतो एवढंच... हो हो, थांबतो, दुसरी चिठ्ठी आली. धनुष्य बाहेर व्हरांड्यात ठेवलंय, मार्कर पण आणलाय. चष्मेवाल्यांनी आधी यावं, बाकीच्यांनी चहा घेऊन घ्या. दोरी रिकामी सोडू नका कोणी, मागच्या वेळी एकानं सोडली आणि धनुष्याची पाती चिरली.