बारा बोअर आणि अंगावर येणारं जनावर: काडतूस कोणतं भरायचं?

(नागपूर इथे परवानाधारक शेतकरी आणि वनकर्मचाऱ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, काडतूस घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न असतो तो छर्रे किती, हा. तितराच्या मागे असताना तो बरोबर होता. रानडुक्कर, बिबट्या, अस्वल यांच्यासमोर मात्र हिशेब खोलीचा असतो. शिसं कातडी, चरबी आणि हाड फोडून काळजा-फुप्फुसापर्यंत पोचतं की वाटेतच थांबतं, एवढंच तिथे बघायचं. आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे.

कायदा आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्या चौकटीतलंच आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ने शिकार बंद आहे. वाघ, बिबट्या, अस्वल यांच्याबाबत मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी आदेश लागतो. मारण्याचा आदेशही जनावर पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही अशी खात्री झाल्यावरच निघतो. उभं पीक नासवणाऱ्या डुकरासाठी अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. जिवावर बेतलं असताना सद्भावनेनं केलेला बचाव कलम ११(२) प्रमाणे गुन्हा नाही, पण त्या वेळी तुम्ही स्वतः कायदा मोडत असाल तर हे संरक्षण मिळत नाही. मेलेलं जनावर सरकारचं असतं. आणि आपण बारा बोअरबद्दलच का बोलतोय? १९५९च्या शस्त्र कायद्यात संरक्षणासाठी किमान २० इंच नळीच्या गुळगुळीत बंदुकीची वाट मोकळी ठेवली आहे. म्हणून वावरात जागलीला दिसते ती हीच बंदूक.

बारा बोअर म्हणजे नळीत नेमका बसेल असा शिशाचा गोळा, आणि असे बारा गोळे मिळून एक पौंड. नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. चार नंबरचा छर्रा ३.१ मिलिमीटरचा, वजन ०.१७ ग्रॅमच्या आसपास. मोठ्या छर्ऱ्यांना नंबराऐवजी इंग्रजी अक्षरांची नावं असतात. एसजी ८.४ मिलिमीटर आणि साडेतीन ग्रॅम. एलजी ९.१ मिलिमीटर, साडेचार ग्रॅमच्या आगेमागे. इथे एक घोळ नेहमी होतो. एसएसजी हे नाव एसजीच्या वरचं वाटतं, पण एस वाढला की छर्रा लहान होतो. एसएसजी ६.८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे वजनात एसजीच्या जवळपास निम्मा. अमेरिकन डब्यावर दोन शून्यं असतील तर तो साधारण आपला एसजी समजायचा. डब्यावरच्या चित्रावर जाऊ नका, मिलिमीटर वाचा.

आता खोली. दाभण कापसाच्या गाठीत जातं, तेवढ्याच जोरानं बोट दाबलं तर जात नाही. तुकड्याच्या तोंडाच्या दर चौरस सेंटिमीटरमागे किती वजन ढकलतंय, यावर बरंच काही ठरतं. एसजीच्या छर्ऱ्यामागे हा भार सहा ग्रॅमच्या थोडा वर असतो. स्लगमध्ये छर्ऱ्यांऐवजी अख्खा एकच गोळा असतो. एक औंसाच्या, म्हणजे २८ ग्रॅमच्या स्लगमागे साडेदहा. ३९ ग्रॅमच्या जड स्लगमागे साडेचौदा. याउलट पॉइंट ३७५ इंची रायफलच्या ३०० ग्रेनच्या, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या गोळीमागे २७ आणि पॉइंट ४५८च्या ५०० ग्रेनच्या गोळीमागे ३०. रायफलच्या गोळीचा वेगही जास्त असतो. म्हणून हत्ती आणि गवा यांच्यासाठी बारा बोअरमध्ये कोणतंच काडतूस योग्य नाही. हजार किलोच्या आसपासच्या गव्याचा खांदा फोडून पलीकडे जाणं हे त्या शिशाचं काम नव्हे. आफ्रिकेत म्हैस आणि सिंहासाठी जाडी रायफल वापरतात ती याच कारणानं. या बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही.

राहिलं ते डुक्कर, बिबट्या आणि अगदी नाइलाज झाला तर अस्वल.

डुकराचं सविस्तर सांगतो, कारण तुमचं काम त्याच्याशीच पडतं. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन शंभर किलोच्या वर जातं. त्याच्या खांद्यावर आणि बरगड्यांच्या पुढच्या भागावर कातडीखाली चिवट, कुर्च्यासारखा थर तयार होतो. दुसऱ्या नराचे सुळे झेलण्यासाठी निसर्गानं दिलेली ती ढाल आहे. वर राठ केस, त्यावर वाळलेला चिखल. चार नंबरचे छर्रे या ढालीत अडकतात. डुक्कर मरत नाही, पऱ्हाटीत घुसतं, आठ दिवस जखम कुजत राहते, आणि वेचणीला आलेल्या बाईच्या अंगावर तेच डुक्कर जातं. बारीक छर्ऱ्यानं डुक्कर ‘हाकलणं’ हा प्रकार मला अक्षम्य वाटतो. हाकलायचं असेल तर आवाज करा, उजेड करा.

एसजीचं काय? काडतुसात साधारण नऊ छर्रे. नळीतून निघताना प्रत्येकाची ऊर्जा २८० ज्यूलच्या आसपास असते, चाळीस मीटरवर ती निम्म्यापर्यंत येते. त्यात पसारा वाढत जातो. मोकळ्या, म्हणजे तोंडाशी न आवळलेल्या नळीतून दर मीटरला पावणेतीन सेंटिमीटर हा ढोबळ हिशेब धरा. वीस मीटरवर पसारा पंचावन्न सेंटिमीटर होतो, आणि डुकराचा मर्मभाग जेमतेम वीस सेंटिमीटरचा. म्हणजे नऊपैकी दोन-तीन छर्रे कामाचे, बाकीचे पोटात, पायात किंवा मागच्या तुरीत. माझ्या मते डुकरासाठी एसजीची हद्द पंधरा मीटर, तीही डुक्कर आडवं, म्हणजे कूस आपल्याकडे करून उभं असेल तरच. त्यापुढे स्लग.

स्लगचे दोन मुख्य घाट आहेत. जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८मध्ये काढलेला भरीव असतो आणि त्याच्या बुडाला डाट, म्हणजे दारू आणि शिसं यांच्यामधलं बूच, जोडलेला राहतो. अमेरिकेच्या कार्ल फॉस्टर यांनी १९३१मध्ये केलेला मागून पोकळ असतो. वजन पुढे, पोकळी मागे, त्यामुळे बॅडमिंटनच्या फुलासारखा तो तोंड पुढे ठेवून उडतो. त्याच्या अंगावरच्या तिरप्या कडा फिरकीसाठी आहेत असं सगळे समजतात. फिरकी त्यांनी नाममात्र मिळते. नळीच्या आवळ तोंडातून जाताना दबायला जागा असावी, हे त्यांचं खरं काम. हातात घेऊन नखानं दाबून पाहा. नख सहज उमटलं तर शिसं मऊ आहे. मऊ स्लग जाड हाडावर पापडासारखा पसरतो आणि खोली जाते. मोठ्या नरासाठी आणि अस्वलासाठी कठीण मिश्रधातूचा भरीव स्लग घ्यावा. एक औंसाचा स्लग तोंडाशी सुमारे ३४०० ज्यूल देतो, पन्नास मीटरवर १९००च्या आसपास. नुसत्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या मण्यावर, नेम धरून त्यापलीकडे मारू नये.

बिबट्याचा हिशेब वेगळा आहे. अंगानं हलका, कातडी पातळ, हाडं नाजूक. जखमी बिबट्याच्या मागे घाणेरीच्या जाळीत शिरायची वेळ आलेल्या पथकाला तो पाच-सात मीटरवरून दिसतो, तोही क्षणभर. एवढ्या जवळ एसजीचे छर्रे अजून पांगलेले नसतात, मूठभर शिसं एकत्र लागतं, आणि झटक्यात उचललेल्या बंदुकीला थोडी चूक माफ होते. मोठ्या छर्ऱ्याला पसंती द्यावी अशी ही एकच जागा. अस्वलाला हे लागू नाही. त्याचे लांब केस शरीर आहे त्याहून मोठं दाखवतात. काळ्या आकाराच्या कडेला मारलेला बार नुसत्या केसांतून जातो, म्हणून नेम आकाराच्या मध्याकडे ठेवावा लागतो. पण आदेश नसताना अस्वलासमोर पहिलं हत्यार आवाज आणि मागे सरकणं हेच.

आता तुमच्या बंदुकीकडे या. बंदूक मोडा, म्हणजे सांध्याशी उघडा, नळ्या उतरवा आणि बुडाचा सपाट भाग पाहा. चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेची, लांबी तिथे कोरलेली असते: ६५ किंवा ७० मिलिमीटर, किंवा अडीच, पावणेतीन, तीन इंच. काडतुसावरचा आकडा उडाल्यानंतरच्या टरफलाचा असतो. न उडालेलं ७० मिलिमीटरचं काडतूस तोंड दुमडलेलं असल्यामुळे साठ मिलिमीटरच्या आसपास भरतं आणि ६५च्या चेंबरमध्ये सुखानं बसतं. फसगत तिथेच होते. बार उडाला की दुमड उघडून पुढच्या निमुळत्या भागात शिरते, वाट आवळते आणि दाब वाढतो. आजोबांच्या वेळची बंदूक असेल तर हा आकडा वाचल्याशिवाय एकही नवं काडतूस भरू नका. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली, म्हणजे दमास्कस नळी असली, तर आजच्या धूरविरहित दारूचं काडतूस तिच्यात घालूच नका.

दुसरी गोष्ट चोक, म्हणजे नळीच्या तोंडाची आवळण. फुल चोकमध्ये ती सुमारे एक मिलिमीटर असते, इम्प्रूव्ह्ड सिलिंडरमध्ये पाव मिलिमीटर. स्लग मोकळ्या किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर नळीतूनच मारावा. नळीच्या मापाचा भरीव गोळा आवळ नळीत कधीच घालू नये, तोंड फाटतं. एसजी-एलजी फुल चोकमधून एकमेकांवर दाबले जाऊन चपटे होतात आणि वेडेवाकडे पांगतात. घट्ट पसाऱ्याच्या आशेनं भरलेली आवळ नळी बरेचदा उलटच करते.

तिसरी गोष्ट जिवावरची आहे. वीस बोअरचं काडतूस बाराच्या चेंबरमधून पुढे घसरतं आणि नळीत अडकून बसतं. चेंबर रिकामं दिसतं, माणूस मागून बारा बोअरचं भरतो, आणि नळी फुटते, नेमकी डाव्या हाताच्या पंज्याशी. वीसचं टरफल पिवळं ठेवण्याची पद्धत यासाठीच पडली. दोन मापांची काडतुसं एका खिशात नकोत.

घरगुती क्लृप्त्यांबद्दल स्पष्ट सांगतो. काडतुसाभोवती चाकूनं चीर पाडून पुढचा भाग गोळीसारखा उडवणं, छर्ऱ्यांत मेण ओतणं, ठासणीच्या बंदुकीत सायकलचे छरे भरणं, हे सगळं बंद करा. चिरलेला तुकडा नळीत अडकतो. पोलाद शिशापेक्षा हलकं असल्यानं वेग लवकर गमावतं, नळी ओरखडतं आणि दगडावरून उसळून कुठेही जातं.

कागदावर बार मारून पाहिल्याशिवाय काडतूस ठरवता येत नाही. एक मीटर चौरस जाड कागद ताणून लावा. दहा, पंधरा, वीस मीटरवरून एसजीचे तीन-तीन बार, दरवेळी नवा कागद, प्रत्येक नळी वेगळी. मध्यावर वीस सेंटिमीटरची ताटली ठेवून पेन्सिलनं गोल काढा आणि आतली भोकं मोजा. ज्या अंतरावर तिन्ही कागदांत गोलात पाच भोकं पडत नाहीत, ते अंतर तुमच्या बंदुकीला नाही. स्लग टेकू घेऊन पंचवीस आणि पन्नास मीटरवर मारा. दुनळीचे दोन स्लग एका जागी पडतीलच असं नाही, कधी एकमेकांना ओलांडून जातात. एका नळीचा वर, दुसरीचा डावीकडे पडत असेल तर कोणती नळी विश्वासाची हे रंगानं खूण करून ठेवा. बार वर जात असेल तर बहुधा गाल दस्त्यावर नीट टेकलेला नसतो आणि माशीखालची पट्टी जास्त दिसत असते. दुसऱ्या कंपनीचा डबा आणला की हे सगळं पुन्हा करायचं.

पावसाळ्यात काडतुसं मातीच्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवू नका. कागदी टरफल फुगून चेंबरमध्ये बसत नाही, पितळी बूड हिरवं पडतं. घट्ट झाकणाच्या डब्यात कोरडी ठेवा आणि जुनी आधी संपवा. घोडा ओढला आणि बार झाला नाही, तर तोंड सुरक्षित दिशेला धरून किमान तीस सेकंद थांबा, दारू उशिरा पेट घेऊ शकते. आवाज दबका आला तर बंदूक मोडून नळीतून आरपार बघा. डाट अडकला असेल आणि मागून दुसरा बार गेला, तर नळी राहत नाही.

आपल्या भागात जमीन सपाट. काटोल-नरखेडच्या संत्राबागा असोत की उमरेडकडची शेतं, धुऱ्यापलीकडे कुणीतरी जागलीला असतंच. वर कोनात गेलेला एसजीचा छर्रा सहाशे मीटरच्या पुढे आणि स्लग किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो. म्हणून तीन-चार मीटर उंच मचाणावरून, खाली उतरत्या कोनातच मारा. काळी ओली जमीन गोळी पिऊन टाकते, मुरूम आणि खडक ती उसळवतात. मागे काय आहे हे दिसत नसेल तर बार नाही.

नेम डुक्कर आडवं उभं असताना, पुढच्या पायाच्या लगेच मागे, अंगाच्या खालच्या तिसऱ्या भागात. काळीज वाटतं त्याहून खाली आणि पुढे असतं. समोरून येणाऱ्याच्या कपाळावर मारू नका, कवटी उतरती आहे आणि मेंदू लहान. बार झाला की लगेच दुसरं काडतूस भरा. पडलेलं दिसलं तरी पंधरा मिनिटं मचाणावरून उतरू नका. मग दोघांनी, पाठीच्या बाजूनं, एकानं बंदूक रोखलेली ठेवून जवळ जा. लांब काठीनं डोळ्याच्या बुबुळाला स्पर्श करा. पापणी हलली तर मागे सरका आणि दुसरा बार द्या. नाही हलली, तरच बंदूक मोकळी करा आणि वनरक्षकाला कळवा.