सह्याद्री सकाळी सावलीत असतो

मंडळी, पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘सह्याद्रीतल्या पाच सायकल-फेऱ्या’. पाचही सांगणार आहे. पण त्याआधी एक प्रश्न. इथे महाडहून भोरकडे येणारा वरंधा घाट सायकलने चढलेले किती जण आहेत? हात वर करा. व्वा, बरेच आहेत. आता त्यांच्यापैकी ज्यांनी पायथ्याच्या माझेरी गावापुढचा खडा चढ सकाळी आठच्या आत सुरू केला होता, त्यांनीच हात वर ठेवा. दोन. मागे अजून एक दिसतोय, तिसरा. तुम्ही महाडचे का? वाटलंच मला.

आपण फेरी आखतो तेव्हा चढ किती टक्के, म्हणजे शंभर मीटरला किती मीटर वर, अंतर किती, एकूण चढाई किती मीटर, हे सगळं बघतो. डोंगराचं तोंड कुठल्या दिशेला आहे, हे कोणी बघत नाही. आणि सह्याद्रीत तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला पाहिजे, कारण या डोंगराला दोन सारख्या बाजू नाहीतच. देशाकडून तो हळूहळू चढत येतो आणि कोकणाकडे एकदम तुटतो. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, महाड जवळपास समुद्रसपाटीला. म्हणजे घाटाचा खरा चढ कोकणातून वर येतानाच लागतो, आणि तो सगळा पश्चिमेकडे तोंड करून उभा असतो.

मला ही गोष्ट कशी कळली ते सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट, मार्चची अखेर. एका ग्रुपने फेरी ठेवली होती: पुणं, ताम्हिणी, माणगाव, महाड, वरंधा, भोर आणि परत पुणं. अडीचशे किलोमीटरच्या वर. नकाशावर ही फेरी फार देखणी दिसते. पहाटे पाचला निघालो, मुळशीच्या काठाने थंडगार हवेत ताम्हिणी गाठली, उतार मजेत उतरलो, माणगावला पोहे खाल्ले. सगळे खुशीत होते. महाडला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. आयोजकांनी तिथे पाण्याची सोय करतो म्हणून सांगितलं होतं. गाडी आली नव्हती. फोन लावला तर म्हणाले, तुम्ही पुढे व्हा, आम्ही घाटात गाठतो. ती गाडी मला संध्याकाळी भोरला दिसली. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, कारण माझ्याबरोबर एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. पहिलीच मोठी राईड त्याची.

बिरवाडी मागे पडलं, माझेरी आलं. त्यानंतर रस्ता डोंगराच्या कुशीत शिरतो आणि वळणं सुरू होतात. दुपारचा एक वाजला असेल. डाव्या हाताला काळा कातळ, आणि तो तापून तव्यासारखा झालेला. वरून ऊन, खालून डांबर, बाजूने कातळ. तिसऱ्या का चौथ्या वळणावर तो मुलगा म्हणाला, “दादा, मला घाम यायचा थांबलाय.” सायकलवाल्यांनो, हे वाक्य कधी ऐकलंत तर तिथल्या तिथे उतरायचं. मी त्याला मोरीच्या कठड्यापाशी कमानीच्या सावलीत बसवलं. माझ्या बाटलीत चार घोट राहिले होते, ते त्याच्या मानेवर ओतले. त्याच्या हातावर मिठाचा पांढरा थर बसला होता, बोटाने ओढला तर रेघ उमटत होती.

तिथे वरून एक म्हातारबाबा चालत आले. हातात काठी, डोक्याला पंचा. आमच्याकडे बघून थांबले, कापडात गुंडाळलेली प्लास्टिकची बाटली काढली आणि पोराच्या हातात दिली. मग मला म्हणाले, “दुपारचे कशाला आलात घाटात? आमचा बाप गाड्या हाकायचा. बैल कधी दुपारचा घाटात घातला नाही त्याने. पहाटे जुंपायचा, दिवस डोक्यावर यायच्या आत वाघजाईला.” एवढं बोलून ते चालू लागले. मुलगा तासाभराने ठीक झाला, एका टेम्पोवाल्याने आम्हाला दोघांना भोरपर्यंत सोडलं. पण ‘वाघजाईला’ हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. वाघजाईचं देऊळ घाटमाथ्यावर आहे. म्हणजे बैलवाल्यांनी घाटाचं वेळापत्रकच बांधून ठेवलं होतं, आणि आम्ही गिअरची सायकल घेऊन त्याच्या बरोबर उलटं करत होतो.

आता यात बैलांच्या शहाणपणाखेरीज साधं गणितही आहे. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरा, चढ ६ टक्के, वेग ताशी ८ किलोमीटर. पुढच्या चक्रीला ३४ दात, मागच्या चक्रीला ३२, मिनिटाला पेडलचे साठ फेरे मारले की बरोबर हाच वेग येतो. यासाठी पायातून साधारण १२० वॅट जावे लागतात. शरीर हे काम करताना त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता तयार करतं, म्हणजे चारशे वॅटच्या आसपास. सपाटीवर ताशी तीसच्या वेगाने ही उष्णता वारा घेऊन जातो. ताशी आठला वारा कुठला? आणि दुपारी कोकणात वारा समुद्राकडून सुटतो, म्हणजे घाट चढणाऱ्याच्या पाठीमागून. तुम्ही आठने पुढे, वारा आठने मागून. अंगाला लागणारी हवा शून्य! पाठीवरचा वारा चांगला, असं आपण सायकलवाले कायम म्हणतो. दमट दुपारी चढावर तोच घात करतो. पहाटे उलट असतं, रात्रभर गार झालेली हवा डोंगरावरून खाली ओघळत असते आणि ती थेट तोंडावर येते.

आणि मुख्य मुद्दा, सावली. मार्चमध्ये आपल्याकडे सूर्य तासाला सुमारे १४ अंश वर चढतो. घाटातल्या वळणावर उभं राहून वर बघितलं आणि डोंगराची धार ४५ अंशांवर दिसली, तर सूर्य त्या धारेवर यायला उगवल्यापासून तीन तासांच्या वर लागतील. पावणेसातला उगवला तर तुमच्या वळणावर ऊन दहाच्या सुमाराला. तोवर अख्खा घाट आपल्याच सावलीत असतो. कातळाला हात लावून बघा, गार असतो, दव असतं कधीकधी. दहाला ऊन आलं की मग मावळेपर्यंत ते हलत नाही.

म्हणून मी म्हणतो, फेरी पुण्यातून सुरू करू नका. कोकणातून सुरू करा. पुण्यातून पहाटे कितीही लवकर निघालात तरी घाटाच्या पायथ्याशी दुपारीच पोचणार, ते अंतरातच आहे. रात्र पायथ्याला काढा. पुढच्या वर्षी मी तेच केलं. वीर स्टेशनला उतरलो, महाडला मुक्काम केला, पाचला निघालो. वाघजाईला पोचलो तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि दुसरी बाटली उघडलीही नव्हती. तिथल्या टपरीवर भजी खात खाली बघितलं, तर कोकण उन्हात आणि मी सावलीत.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. मग फेऱ्या पटापट घेतो, लिहून घ्या.

पहिली झालीच: वीर, महाड, वरंधा, मग नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकाठाने भोर आणि पुणं. पावसाळ्यात हा घाट दरडींमुळे बंद ठेवतात, तेव्हा आधी चौकशी करा.

दुसरी माझी सगळ्यात आवडती. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर. साधारण ४० किलोमीटरमध्ये तेराशे मीटर, म्हणजे सरासरी तीन-सव्वातीन टक्केच, पण चढ दोन टप्प्यांत आहे. प्रतापगड फाट्यापाशी कोयनेच्या खोऱ्यात जरा दम मिळतो, तिथे थांबा, कारण पुढचा टप्पा पहिल्यापेक्षा लांब वाटतो. दोन्ही टप्पे पश्चिमाभिमुख, सकाळी सावलीत. दुपार माथ्यावर गार हवेत काढायची, पाचगणीला यायचं, आणि मग पसरणी. पसरणीचं तोंड वाईकडे, पूर्वेला. तो संध्याकाळी सावलीत जातो! एकाच दिवसात दोन्ही घाट सावलीत मिळतात, अशी दुसरी फेरी मला अजून सापडलेली नाही. उताराला ब्रेक सतत दाबून धरू नका. ७०० मीटर उतरताना ८५ किलोंची जेवढी ऊर्जा ब्रेकवर येऊ शकते, तेवढ्यात पावणेदोन लिटर पाणी उकळतं. दाबा, सोडा, दाबा.

तिसरी, चिपळूण ते कराड, कुंभार्ली घाटातून. शंभरएक किलोमीटर. पोफळीनंतर चढ, हेळवाकला कोयना भेटते, आणि मग नदीबरोबर उतरत थेट कराडच्या प्रीतिसंगमापर्यंत, जिथे कोयना कृष्णेला मिळते. नवख्यांना घेऊन जायला हीच. रहदारी आहे, म्हणूनही पहाट बरी.

चौथी, गगनबावडा. वैभववाडीकडून करूळ आणि खारेपाटणकडून भुईबावडा, दोन घाट एकाच माथ्यावर येतात. एकाने चढा, दुसऱ्याने उतरा, गाडी-बस काही लागत नाही. भुईबावडा अरुंद आहे, म्हणून त्याने चढायचं. उतरताना डोळ्यावर मावळतीचं ऊन येतं आणि समोरच्या ड्रायव्हरला तुम्ही दिसला की नाही ते तुम्हाला कळत नाही, म्हणून चारच्या आत खाली या.

पाचवी, सावंतवाडी, दाणोली, आंबोली. माथा सातशे मीटरच्या आत-बाहेर. ऑक्टोबरच्या आधी नको, तिथला पाऊस तुम्हाला माहीत आहे. पुढे आजरा, गडहिंग्लज.

पाचपैकी चार फेऱ्यांच्या पायथ्याला कोकण रेल्वे जाते, हे लक्षात आलं असेलच: वीर, चिपळूण, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. पोलादपूरलाही वीरहून तासा-दोन तासांत सायकलने पोचता येतं. सायकल लगेज व्हॅनमध्ये बुक होते. पेडल काढून ठेवा, हँडल फिरवून आडवं करा, आणि सायकल आडवी ठेवली तर डिरेलरची, म्हणजे मागच्या गिअर बदलणाऱ्या भागाची, बाजू वर राहील हे हमालाला स्वतः उभं राहून सांगा.