डॉक्स फाईल उघडंना? थांबा, डिलीट करू नका

नमस्कार मंडळी. आपल्या परभणी-हिंगोलीकडं तालुक्याच्या कुठल्याबी झेरॉक्सच्या दुकानात जा, पोरगं पेनड्राइव्ह देतं, दुकानदार फाईलवर दोनदा क्लिक करतो अन् स्क्रीनवर निस्ते चौकोन नि वेडीवाकडी चिन्हं. की लगेच निकाल, "व्हायरस हाय बघ, गेली तुझी फाईल."

गेलेली नसते हो. मशीनमधलं ऑफिस २००३ चं आणि फाईल डॉट डॉक्स, एवढाच घोळ. मायक्रोसॉफ्टनं ऑफिस २००७ पासून साठवायची पद्धतच बदलली, वर्डचं डॉक जाऊन डॉक्स आलं, एक्सेलचं एक्सएलएस जाऊन एक्सएलएसएक्स. जुन्याला ही नवी वाचता यावी म्हणून त्यांनी कम्पॅटिबिलिटी पॅक फुकट दिला होता, पण २०१८ मध्ये तोही बंद केला, त्यामुळं आता तो कुठल्या भलत्याच साईटवरून उतरवत बसू नका.

गंमत सांगतो, डॉक्स फाईल नोटपॅडमध्ये उघडली तर सुरुवातीलाच पीके ही दोन इंग्रजी अक्षरं दिसतात. झिप, म्हणजे बऱ्याच फाईली दाबून एकात बांधलेलं गाठोडं, ते बनवणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं. म्हणजे डॉक्स ही आतून झिपच आहे! फाईलची एक कॉपी करा, नावाच्या शेवटचं डॉक्स काढून झिप लिहा आणि उघडा, आत वर्ड नावाचं फोल्डर, त्यात मीडिया फोल्डरमध्ये तुमचे फोटो, आणि डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल मध्ये सगळा मजकूर, ती फाईल ब्राउझरमध्ये टाकली की वाचता येते. मांडणी राहत नाही, पण अर्जाची शेवटची तारीख आज असल तर मजकूर हाती लागणं काय कमी आहे का. उलटं मात्र जमत नाही बरं, डॉक्सचं नुसतं डॉक करून काही होत नाही, पाटी बदलल्यानं दुकानातला माल बदलतो व्हय?

कायमचा इलाज म्हणजे लिब्रेऑफिस, मायक्रोसॉफ्टच्या ऑफिससारखंच सॉफ्टवेअर, फुकट आहे, डॉक्स उघडतं. मशीनवर अजून विंडोज एक्सपीच असल तर त्याचं ५.४ पर्यंतचंच व्हर्जन चालतं, पुढचं घालायला जाऊ नका. विंडोज ७ असल तर नुसतं वर्डपॅडही डॉक्स उघडतं, साधा अर्ज असला तर तेवढ्यात भागतं. आणि खरं सांगू का, निम्मी कटकट पाठवणाऱ्यानं मिटवायची असते. सेव्ह ॲज मध्ये जाऊन वर्ड ९७-२००३ निवडलं की झालं, आणि समोरच्याला नुसती प्रिंटच काढायची असल तर सरळ पीडीएफ द्या ना. नवं मशीन घेतलेला माणूस समजतो सगळ्या गावानंच घेतलं.

एक्सेलवाल्यांनी मात्र जपून. जुन्या एक्सएलएस मध्ये ६५,५३६ ओळीच मावतात, नव्यात दहा लाखांच्या वर, तवा मोठी यादी जुन्यात सेव्ह केली तर खालचा भाग कापला जातो, वॉर्निंग येती पण ती वाचतं कोण.

फाईलचा प्रकार बदलून देणाऱ्या ऑनलाईन कन्व्हर्टरच्या साईटी आहेत, पण त्यावर आधार नंबर, सातबारा, बँक पासबुकवाल्या फाईली चढवू नका.

आणि फाईल उघडली, इंग्रजी नीट दिसलं पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी आली, तर ते दुखणं निराळं, श्रीलिपी नाहीतर कृतिदेवसारखा फॉन्ट तुमच्या मशीनवर नाही. टाईप करणाऱ्याला फॉन्टचं नाव विचारा, तो घाला. बरं, येतो मंडळी, नमस्कार.