जायफळाचं बेट आणि भिवापूरची मिरची

नमस्कार श्रोतेहो. वावरात, मिरची निवडायच्या सातऱ्यावर, किराणा दुकानात, जिथे कुठे रेडिओ लावून बसला असाल तिथे सगळ्यांना माझा राम राम.

आज मी तुम्हाला कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाची गोष्ट सांगणार आहे. ग्रेनाडा त्याचं नाव. क्षेत्रफळ 344 चौरस किलोमीटर. आपल्या एका नागपूर जिल्ह्यात असे पंचवीसहून अधिक ग्रेनाडा मावतील. लोकसंख्या लाखाच्या थोडी वर. 1974 साली हा देश इंग्रजांकडून स्वतंत्र झाला आणि त्याने आपल्या झेंड्यावर जायफळ काढलं! श्रीखंडात, पुरणात आपण चिमूटभर किसून घालतो तेच जायफळ. मूळचं ते इंडोनेशियाच्या बांदा बेटांवरचं. एकोणिसाव्या शतकात ग्रेनाडात आलं आणि तिथल्या डोंगरउतारावर असं रुजलं की पुढे इंडोनेशियाच्या खालोखाल जगाला जायफळ पुरवणारा देश म्हणून हे बेट ओळखलं जाऊ लागलं.

एवढ्याशा देशाला हे कसं साधलं? पहिली गोष्ट करारांची. 1975 मध्ये युरोपातल्या देशांनी आफ्रिका, कॅरिबियन आणि प्रशांत महासागरातल्या आपल्या जुन्या वसाहतींशी लोमे करार केला. त्या देशांच्या बहुतेक मालाला युरोपात शुल्कात सवलत मिळाली. पुढे जागतिक व्यापार संघटना आली. असा एकतर्फी लाड नियमात बसत नाही, अशी हरकत निघाली. म्हणून 2008 च्या ऑक्टोबरात कॅरिबियन देशांनी युरोपीय संघाशी नवा करार केला. त्यानुसार त्यांचा माल युरोपात बिनशुल्क जातो, मात्र बदल्यात त्यांनाही आपली बाजारपेठ टप्प्याटप्प्याने युरोपच्या मालाला उघडावी लागते.

इथे एक बारकावा आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. अख्खं, कच्चं जायफळ कोणत्याही देशातून आलं तरी युरोपात त्यावर शुल्क जवळजवळ नसतंच. शुल्क जबर लागतं ते प्रक्रिया केलेल्या मालावर. जायफळाच्या फळाला बाहेरून जाड गर असतो. ग्रेनाडाचे लोक त्याचा जॅम, जेली, सरबत करतात. कराराचा खरा फायदा होतो तो या बाटल्यांना. म्हणजे कच्चा माल विकणाऱ्याला करारातून थोडं मिळतं, आणि गावातच माल तयार करून विकणाऱ्याला पुष्कळ. आपण मिरची पोत्याने विकतो आणि तिखटाची पुडी दुसऱ्याच्या नावाने विकत घेतो. यावर आपल्या गावागावांत बोलणं झालं पाहिजे.

दुसरी गोष्ट त्यांच्या सहकाराची. 1947 साली तिथल्या बागायतदारांनी जायफळाची सहकारी संस्था उभी केली. कुणाची दहा झाडं, कुणाची शंभर. सगळ्यांचं जायफळ संस्थेच्या केंद्रावर जायचं. माल टाकला की आगाऊ पैसे हातात, आणि वर्षअखेरीस विक्री पाहून बोनस. केंद्रावर लाकडी फळ्यांवर जायफळ सहा ते आठ आठवडे सावलीत वाळतं. मग कवच फोडून ते पाण्यात टाकतात. जे बुडतं ते भरीव, ते वेगळं. जे तरंगतं ते हलकं, ते तेलासाठी. नंतर बाया बसून एकेक जायफळ हाताने निवडतात. भिवापूरच्या सातऱ्यावर मिरचीचे देठ खुडणाऱ्या आपल्या आया-बहिणी आठवा. काम तेच, बसणंही तेच.

हे सगळं सुरळीत चालू असताना 7 सप्टेंबर 2004 रोजी इव्हान नावाचं चक्रीवादळ बेटावर आदळलं. जायफळाची दहापैकी आठ-नऊ झाडं गेली. पुढच्याच वर्षी दुसरं वादळ आलं. जायफळाचं झाड लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षं घेतं, आणि नर की मादी हेही फुलं येईपर्यंत कळत नाही. म्हणजे 2008 चा करार झाला तेव्हा वाट मोकळी होती, पण पाठवायला माल पुरेसा नव्हता. अनेक कुटुंबं कोकोकडे वळली, कारण कोकोचं झाड लवकर फळतं. जायफळाचा जुना वाटा त्या बेटाला परत मिळवता आला नाही. सरकारांनी सह्या केल्या म्हणून झाडं वाढत नाहीत. ज्यांनी कापूस, सोयाबीन, संत्रा यांच्यात असे धक्के खाल्ले आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता आपल्याकडे येऊ. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन, म्हणजे ती त्याच भागाची खासियत असल्याची सरकारी नोंद, आहे, समुद्रपूर तालुक्यातल्या वायगाव हळदीलाही आहे. करारही होत आहेत. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार 1 मे 2022 पासून लागू आहे. ब्रिटनशी 24 जुलै 2025 रोजी सह्या झाल्या. वाटा उघडताहेत. पण अस्सल भिवापुरी मिरचीचं क्षेत्र आटत चाललंय, संकरित वाणांनी तिची जागा घेतलीय. मानांकनाचा कागद जपला आणि बियाणं हरवलं, तर तो कागद काय कामाचा?

आणि अडचण शुल्काची कमी, बुरशीची जास्त आहे. ओलसर मसाल्यावर जी बुरशी चढते तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. युरोपचा नियम असा की एक किलो मसाल्यात ते एकूण दहा मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. म्हणजे एक टन मिरचीत फक्त दहा मिलिग्रॅम! हा नियम मिरचीला, हळदीला आणि ग्रेनाडाच्या जायफळालाही एकच आहे. कितीही करार असू द्या, तपासणीत नापास झाला तर अख्खा कंटेनर अडतो. फवारणीच्या औषधांच्या अंशाचंही तसंच.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे. मिरची उघड्या मातीवर पसरू नका. ताडपत्री घ्या, जमलं तर सिमेंटचं खळं करा. माघात अवकाळीचे ढग दिसले की झाकायची तयारी हाताशी ठेवा. ओलावा दहा-अकरा टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय पोतं शिवू नका. ओलावा मोजायचं यंत्र एका शेतकऱ्याला महाग पडतं, पण गावच्या गटाने मिळून घेतलं तर कुणाच्याच अंगावर येत नाही. काळी डागी मिरची चांगल्या पोत्यात मिसळू नका, ती एक मूठ सगळ्यांचा माल नापास करते. सातऱ्यावर निवडणाऱ्या बायांना डागी वेगळी काढायला वेळ द्या आणि त्या वेळेची मजुरीही द्या.

निर्यातीसाठी आयात-निर्यात कोड लागतो, मसाला मंडळाची नोंदणी लागते आणि करारातली सवलत हवी असेल तर माल इथलाच असल्याचं उत्पत्ती प्रमाणपत्र लागतं. एकट्याने हे करायला गेलं की दमछाक होते. तुमच्या भागात शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर तिच्या पुढच्या बैठकीला जा आणि दोनच प्रश्न विचारा: आपल्या मालाची अफ्लाटॉक्सिनची तपासणी शेवटची कधी झाली, आणि तिखट दळून आपल्या नावाने विकायचं कधी ठरवणार?