साखळी आणि त्रैराशिक: लिंकन यांचं शिक्षण

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं अमेरिकेतलं केंटकी राज्य. इथे जमिनीची मोजणी ज्याने त्याने करून घ्यायची. दस्तात चतुःसीमा लिहायच्या त्या अशा: ओढ्याकाठचं ओकचं झाड, तिथून अमुक दिशेला इतकं अंतर, पुढे एक दगड. झाड पडलं की हद्दीचा वाद उभा. एकाच तुकड्यावर दोघातिघांचे दावे असत. थॉमस लिंकन या सुतार-शेतकऱ्याने घेतलेल्या जमिनींच्या कागदांत खोट निघत गेली आणि १८१६च्या हिवाळ्यात कुटुंब इंडियानात आलं. तिथली जमीन सरकारने आधीच चौकोनांत मोजून ठेवली होती. मुलगा अब्राहम तेव्हा सात वर्षांचा.

शाळा? केंटकीत दोन मास्तर, इंडियानात तीन, तेही शेतीची कामं नसतील तेव्हा. सगळी मुलं एकदम मोठ्याने धडे म्हणत. सगळं मिळून वर्षभरसुद्धा शाळा झाली नाही, असं लिंकन यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. लिहिणं, वाचणं आणि त्रैराशिकापर्यंत, म्हणजे तीन संख्यांवरून प्रमाणाने चौथी काढण्यापर्यंत, हिशेब. त्यांच्या गणिताच्या वहीची काही पानं आजही जपलेली आहेत. शेकोटीच्या उजेडात वाचणारा मुलगा सगळ्यांना ठाऊक असतो. आम्हाला मात्र त्यांचं खरं शिक्षण चोविसाव्या वर्षी सुरू झालेलं दिसतं.

१८३३. इलिनॉयमधलं न्यू सेलम. भागीदारीतलं दुकान बुडालेलं, डोक्यावर कर्ज. सँगामन काउंटीचे मोजणी अधिकारी जॉन कॅल्हून यांनी त्यांना मदतनीस नेमलं. काम हातात, विद्या नाही. लिंकन यांनी गिब्सन आणि फ्लिंट यांची मोजणीवरची पुस्तकं मिळवली.

जमीन मोजायची साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. अशा ८० साखळ्यांचा एक मैल, दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. आपल्या हिशेबात एक चौरस साखळी म्हणजे बरोबर चार गुंठे. ऐकायला सोपं. पण उतारावर साखळी आडवी, समपातळीत ताणली नाही, तर अंतर जास्त भरतं. वापरून कड्यांची भोकं झिजली की साखळीच लांबते. ती एक इंच वाढली, तर मैलामागे ऐंशी इंचांची चूक, म्हणजे सहा फूट आठ इंच. होकायंत्राजवळ लोखंड आलं की सुई फिरते. शिवाय ती खऱ्या उत्तरेऐवजी चुंबकीय उत्तर दाखवते, तो फरक वजा-अधिक करावा लागतो.

शेवटी कागदावरचं काम. प्रत्येक बाजू उत्तर-दक्षिण किती आणि पूर्व-पश्चिम किती गेली, हे त्रिकोणमितीच्या कोष्टकांतून काढायचं. उत्तरेची बेरीज दक्षिणेशी आणि पूर्वेची पश्चिमेशी जुळली नाही, तर आकृती बंद होत नाही; फरक मोठा असेल, तर पुन्हा शेतात. इथे त्रैराशिक पुरत नाही.

१८३४मध्ये कर्जापोटी ही साधनंही लिलावात गेली. जेम्स शॉर्ट या मित्राने ती विकत घेऊन लिंकन यांना परत दिली. त्याच वर्षी ते विधिमंडळात निवडून आले आणि जॉन स्टुअर्ट या वकिलाकडून कायद्याची पुस्तकं उसनी आणू लागले. त्यांना वर्ग नव्हता, गुरू नव्हता. पोटासाठी मोजणी चालूच. १८३६मध्ये त्यांनी पीटर्सबर्ग गावाची आखणी केली आणि सप्टेंबरात वकिलीचा परवाना मिळवला.

पुढच्या खटल्यांत जमिनीच्या हद्दींचे वादही होतेच.