कमान सरळ, रस्ता तिरपा

(दृश्य: गेटवे ऑफ इंडियाची कमान, आतून शहराकडे)

समुद्राकडे पाठ करून कमानीच्या मधोमध उभे राहा. एवढ्या मोठ्या दरवाजापुढे रस्ता नाकासमोर यायला हवा. इथे तो तिरपा येतो. सरळ रस्ता ठरला होता, पण त्याला पैसे उरले नाहीत.

वास्तुविशारद जॉर्ज विटेट. जन्म १८७८, स्कॉटलंड. १९०४ मध्ये ते मुंबईत आले ते जॉन बेग यांचे सहायक म्हणून. पुढे बेग यांच्याच जागी मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद झाले.

गेटवेची कोनशिला बसली ३१ मार्च १९११ रोजी. डिसेंबरात राजा पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरला, तेव्हा कमानीचा एक दगडही रचलेला नव्हता. अंतिम आराखड्याला मंजुरी मिळाली १९१४ मध्ये, म्हणजे कोनशिलेनंतर तीन वर्षांनी! सरकारी काम.

त्यातही आधी जमीनच तयार करायची होती. १९१५ ते १९ भराव आणि समुद्रभिंत. भरावाची माती दाबली जाऊन खाली बसते. तिच्यावर दगडी कमानीचा भार टाकला तर तडे ठरलेले. म्हणून पाया आधी मजबूत हवा. पाया पुरा झाला १९२० मध्ये.

(दृश्य: कॅमेरा खालून घुमटाकडे)

वरचं बांधकाम खारोडीच्या पिवळसर दगडाचं, जोडीला सळईचं काँक्रीट. घुमटाचा व्यास ४८ फूट, जमिनीपासून उंची ८३ फूट. समोरून तो जवळपास लपतो. पाहायचा तर मान वर करूनच. दगडी जाळ्या ग्वाल्हेरच्या. खर्च २१ लाख.

विटेट यांच्याच प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचीही (आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) तीच गत. कोनशिला १९०५ची, इमारत १९१४ला तयार. पण महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ, आणि दारं उघडली १९२२ मध्ये. कुर्ल्याचा करडा बेसाल्ट, मालाडचा पिवळसर दगड, वर विजापूरच्या गोल घुमटाची आठवण देणारा घुमट. आत गेलात की लाकडी कमानींकडे जरूर बघा. नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून विकत आणून त्या इथे बसवल्या आहेत.

४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी गेटवेचं उद्‍घाटन केलं. विटेट १९१९ मध्येच सरकारी नोकरी सोडून टाटांकडे गेले होते. फोर्टातलं टाटांचं मुख्यालय, बॉम्बे हाउस, त्यांनीच आखलेलं. १९२६ मध्ये, पन्नाशी गाठण्याआधीच, मुंबईत आमांशाने त्यांचा मृत्यू झाला.

(दृश्य: शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी)

त्यांची कबर शिवडीत आहे.