आंब्याखाली काय लावायचं?

नमस्कार मंडळी. परसात जुना आंबा असला ना, की त्याच्याखालची जागा उघडी बोडकी पडते, आणि सगळे म्हणतात इथे काही जगत नाही हो. मीही तेच म्हणायचे. दोन वर्षं तिथे गुलाब लावले, मोगरा लावला, लॉनचे तुकडे आणून अंथरले, सगळं पिवळं पडून गेलं, कारण त्यांना हवं ऊन आणि तिथे ते येणारच नव्हतं.

मग गावाहून पेव्याचे कंद आणले. पेवा पाहिलाय ना, गोल जिन्यासारखी पानं वर चढत जातात आणि पावसाळ्यात लाल कणसावर चुरगळलेल्या कागदासारखी पांढरी फुलं येतात, तो. जूनमध्ये दोन-तीन पाऊस झाल्यावर बोटभर खोल पुरले, श्रावणात कमरेला आले! डिसेंबरात मात्र सगळं वाळलं, मला वाटलं मेलं, उपटायला गेले तर खाली कंद टणक, एकाचे तीन झालेले. पेवा, हळद, आंबेहळद, ही सगळी उन्हाळ्यात झोपतात, आंब्याला पाण्याची ओढ असते तेव्हा ती काही मागतच नाहीत, म्हणून तर झाडाखाली वर्षानुवर्षं टिकतात.

सोनटक्का तसा नाही, त्याला कायम ओल लागते, तो मोरीचं पाणी जातं तिकडे लावा, शेजारी अळू. संध्याकाळी फुलला की वास थेट स्वयंपाकघरात येतो. आणि बुंध्याला मिरवेल, ती आपली आपण चढते.

फक्त कुदळ चालवू नका. झाडाची बारीक मुळं अगदी वरच्या मातीत असतात, खुरपीने मुळं चुकवून लहान खळगे करा. बुंध्यावर मातीचा ढीगही नको, साल कुजते.

आणि प्लीज, पाला झाडून जाळू नका. मला खरंच वाईट वाटतं ते बघून, आयतं खत आहे ते, ओलही धरून ठेवतं, पडू दे की तिथेच. पहिल्या वर्षी तण काढायचं आणि पावसाने ओढ दिली तर पाणी घालायचं, नंतर फार काही करावं लागत नाही.

रानहळद हवी असेल तर घाटातून उपटून आणू नका, नर्सरीत विचारा. पाऊस आता आलाच, तेव्हा कंद आत्ताच आणा आणि सावलीत पोत्यावर पसरून ठेवा.